वस्तादचा पाट

इरण्णा वस्तादचं नाव निघालं की माझ्या डाव्या अंगठ्याला अजून कळ येते.

त्याच्या दुकानात काम मागायला गेलो तेव्हा मी काही पोर नव्हतो. लग्न झालेलं, दोन लेकरं, गिरणीतल्या वायरमनच्या हाताखाली काही वर्षं घासलेली. वस्तादनं शिक्षण विचारलं नाही हे बरं झालं. चौथीत असताना मास्तरच्या अंगावर पाटी फेकून मी शाळा सोडली होती, आणि त्याचं मला कधी वाईट वाटलेलं नाही. वस्ताद एवढंच म्हणाला, "हात फुडं कर."

बाकड्यावर एका मोटरीतून काढलेले दोन चुंबक होते. कौलाच्या तुकड्यासारखे वाकडे, काळे. एक त्यानं माझ्या अंगठ्यावर धरला, एक अंगठ्याखाली, आणि दोन्ही एकदम सोडले. चुंबक एकमेकांवर आदळले, मधे माझा अंगठा. नखाखाली रक्त साकळलं. वस्ताद अंगठ्याकडं बघतच नव्हता, माझ्या तोंडाकडं बघत होता.

"वरडला न्हाईस," तो म्हणाला. "उद्यापास्नं ये. जो वरडतो त्याला मी भज्याच्या गाड्यावर धाडतो. तितं चटका बसला तर वरडायला परवानगी असत्या."

असा माणूस. सोलापुरात साखर पेठेच्या तोंडाशी त्याचं मोटर दुरुस्तीचं दुकान होतं. मूळचा मैंदर्गीचा, त्यामुळं रागात आला की कानडीत शिरायचा. बुटका, छाती पिंपासारखी, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, आणि अंगात पांढराशुभ्र सदरा. आम्ही सगळे ग्रीसनं माखलेले, आणि हा दिवसभर मोटरी उघडून संध्याकाळी घरी निघाला की सदरा जसाच्या तसा. "ज्याच्या कापडाला डाग पडतो त्याला काम येत न्हाई," म्हणायचा. आम्ही पुष्कळ वाट बघितली. डाग पडला नाही.

काम मात्र त्याला येत होतं, हे वैरीसुद्धा कबूल करील. पंपाच्या, पंख्याच्या मोटरी आम्ही भरायचो, पण चुंबकाची मोटर आली की तो कुणाला हात लावू द्यायचा नाही. मोटर कानाशी नेऊन खुळखुळ्यासारखी हलवायचा. मग स्क्रूड्रायव्हरची लाकडी मूठ दातात धरून टोक मोटरीवर टेकवायचा, डोळे मिटायचा आणि सांगायचा, "खालचा दात हललाय." उघडून बघावं तर खालचाच चुंबक सुटलेला.

लाऊडस्पीकर भाड्यानं देणारा एकजण लग्नसराईत धावत आला होता. भोंग्यातला चुंबक निसटलेला, आणि दुसऱ्या दिवशी लग्न. वस्तादनं बघितलं. "हे लेपाळलंय कुणी?"

"मीच, वस्ताद. घाईत गम लावला."

"मग लग्नात गा बी तूच."

भोंगा त्याच्या हातात परत दिला. माणूस रडकुंडीला आला, पाया पडला. वस्ताद चहा पीत बसला. ते लग्न मुक्यानंच लागलं म्हणे. आम्ही कुणी मधे पडलो तर म्हणायचा, "चुंबकाला दया असत्या का? म्हणून तर ते खरं असतंय. माफी म्हंजे गंज. येका जागी धरला की समदं यंत्र खातो."

दुपारी त्याची बायको गौरव्वा डबा घेऊन यायची. उंच, हडकुळी बाई, डोईवरचा पदर कधी ढळलेला पाहिला नाही. वस्ताद आमच्यासमोर पहिला घास घ्यायचा. मीठ कमीजास्त झालं असलं तर एक शब्द बोलायचा नाही, सबंध डबा पायरीवर पालथा करायचा आणि कावळ्यांना हाक मारायचा. गौरव्वा उभी राहायची. कावळे उरकले की पायरी पुसून, रिकामा डबा घेऊन जायची. तिला बोलताना मी तोवर ऐकलं नव्हतं. तिला आवाज आहे की नाही हेही आम्हाला ठाऊक नव्हतं.

पण वस्तादचं खरं रूप बघायचं तर खंडेनवमीला.

त्या दिवशी सगळ्या दुकानांत हत्यारांची पूजा होते. आमच्याकडंही व्हायची. पक्कड, हातोडी, तार गुंडाळायचं यंत्र, सगळ्याला झेंडूची माळ. पण इरण्णा वस्ताद शेजारी दुसरा पाट मांडायचा. वर्षभरात प्रत्येकानं बिघडवलेलं सगळ्यात वाईट काम तो एका पोत्यात सांभाळून ठेवायचा. जळालेली कॉइल, उलटं बसवलेलं बेअरिंग, तुटलेला शाफ्ट. ते एकेक पाटावर यायचं आणि ज्यानं बिघडवलं त्यानं समोर बसायचं. आजूबाजूचे दुकानदार मुद्दाम बघायला यायचे.

"हे कुणाचं?" वस्ताद विचारायचा.

"माझं."

"मोठ्यांदा."

"माझं!"

मग त्यानं आपल्या चुकीला कुंकू लावायचं, हात जोडायचे, आणि वस्ताद म्हणायचा, "हसा रे." सगळे हसायचे. आमचा लेथवाला गफूरभाई, त्याला कुंकवाची सक्ती नव्हती. पण 'माझं' त्यालाही म्हणावं लागायचं, आणि हसू त्यालाही चुकत नव्हतं.

पहिल्या वर्षी माझी पाळी आली. पिठाच्या गिरणीची मोटर मी जाळली होती. म्हटलं, ह्याच्यापुढं मान खाली घालायची नाही. पाटासमोर बसलो आणि त्यानं तोंड उघडायच्या आतच ठणकावून म्हणालो, "माझं!"

वस्ताद माझ्याकडं बघत राहिला. "इचारलं का तुला? पाप काय आपल्या सवडीनं कबूल करतंस? इचारल्यावर बोलायचं. तवर बस." आणि कानडीत जोडलं, "सुम्न कुंद्र." गप बस.

बसलो. बाकीच्यांचं उरकलं, नारळ फुटला, खोबरं वाटलं, लोक घरी जेवायला गेले. मी पाटासमोर बोटाला कुंकू लावून बसलेलो. उठलो असतो तर काम गेलं असतं, आणि पाया पडलो असतो तर मी गेलो असतो. ऊन दुकानाच्या आत शिरलं तेव्हा तो जेवून, एक झोप काढून आला आणि तपकिरीची चिमूट घेत म्हणाला, "हां. हे कुणाचं?"

ते मी विसरलेलो नाही. विसरायचं कारणही नाही.

नरसू आमच्यात मागाहून आला. विणकराच्या घरातला, तेलुगू बोलणारा, हातमाग बसला म्हणून मोटरीकडं वळलेला. माझ्याच वयाचा. अंगठ्याच्या परीक्षेत ओरडणं लांबच, तो हसला होता. त्याची बोटं बघण्यासारखी होती. केसाएवढी बारीक तार तो अशी गुंडाळायचा की सांधा दिसू नये. वस्तादनं त्याचं कौतुक कधी तोंडानं केलं नाही. फक्त चुंबकाच्या कामाला त्याला जवळ बसवायला लागला. आमच्याकडं ह्याहून मोठी पदवी नव्हती.

आता ते चुंबकाचं काम कसं असतं ते सांगतो, नाहीतर पुढचं समजायचं नाही. मोटरीचा पत्र्याचा डबा असतो. त्याच्या आतून दोन चुंबक समोरासमोर चिकटवलेले असतात आणि मधे फिरता भाग. डिंक सुटला की चुंबक सरकतो, फिरत्या भागाला घासतो, मोटर किंचाळते नाहीतर जागीच अडते. परत चिकटवणं अवघड नाही. दोन ट्यूबांचा गम सारखा कालवायचा, चुंबक दाबून बसवायचे, मधे लाकडी पाचर ठोकायची आणि डबा पत्र्यावर उन्हात ठेवायचा. सोलापूरचं ऊन म्हणजे आयती भट्टी. पण जो चुंबक ज्या बाजूला होता त्याच बाजूला बसला पाहिजे. दोघांची अदलाबदल झाली तर मोटर फिरते, उलटी.

म्हणून काढायच्या आधी खूण करायची. ओरखडा काढावा तर चुंबकाचा टवका उडतो, काचेसारखा ठिसूळ तो. खडू राहत नाही. वस्तादची स्वतःची रीत होती. गौरव्वाच्या करंड्यातलं हळदकुंकू दुकानात असायचं. एका चुंबकाला कुंकू आणि त्याच्या समोर डब्यालाही कुंकू. दुसऱ्याला हळद, डब्यालाही हळद. मग डबा रॉकेलनं धुवायचा, चुंबक नुसते फडक्यानं पुसायचे. बसवताना लालला लाल, पिवळ्याला पिवळं. चूक व्हायला जागाच नाही.

तर एका गिरणीच्या मोठ्या साहेबाच्या बंगल्यातून गवत कापायचं यंत्र आलं. विलायती. बॅटरीवर चालणारं, खाली पंख्यासारखं एक पातं, एकाच नटावर आवळलेलं. दुष्काळ नुकताच सरला होता, अजून आमच्या गल्लीत नळाला भांडणं होती आणि ह्या बंगल्यापुढं हिरवळ होती. यंत्र घेऊन आला तो तिथला माळी, सोपान. सांगोल्याकडचा धनगर. दुष्काळात मेंढरं गेली आणि हा शहरात आला.

"काय झालंय ह्याला?" वस्तादनं विचारलं.

"वरडतंय बगा. कोकरू काट्यांत तटल्यावाणी." सोपान उकिडवा बसला. "आन वस्ताद, खरं सांगू का, माजी मेंढरं असती तर दोन दिसांत समदं चरून लेंडीखत बी दिलं असतं. ह्येला बॅटरी पायजे, तेल पायजे, आन बाईसायेब म्हनत्यात चपला काडून ढकल, हिरवळ दबत्या. मेंढरास्नी तरी चपला कुटं हुत्या!"

सगळे हसले. वस्ताद हसला नाही. मूठ दातात धरली, डोळे मिटले. "दोन्ही दात सुटल्यात."

त्या दिवसांत रॉकेल मिळत नव्हतं. रांगा लावून बायका भांडत होत्या. दुकानात थेंब नाही, आणि साहेबाच्या घरी पाहुणे यायचे म्हणून यंत्राची घाई. खुणा वस्तादनं केल्या. चुंबक काढले. मग नरसूला म्हणाला, "धुण्याच्या सोड्याचं कडक पाणी कर. त्यात डबा घाल."

नरसूनं विचारलं होतं. मी शेजारी होतो, मी ऐकलं. "वस्ताद, सोड्यात खुणा ऱ्हातील का?"

"हळदीचा डाग तुज्या बापाला तरी निघंल का? घाल."

डबा धुऊन, वाळवून आला. वस्तादनं आत बघितलं, एका बाजूला लाल डाग होता. लाल चुंबक त्यानं स्वतःच्या हातानं लालसमोर बसवला, दुसरा त्याच्या पुढ्यात. बॅटरी लावली. मोटर गोड आवाजात फिरली. पातं लावायचं काम बंगल्यावर व्हायचं होतं, त्यामुळं ती कुठल्या अंगानं फिरते हे बाकड्यावर कोण बघतो? आवाज नीट, घासणं नाही. वस्तादनं हात पुसले. सदरा पांढरा.

दुसऱ्या दिवशी दुपारी गिरणीचे दोन पहारेकरी यंत्र घेऊन दुकानात आले. पातं वेगळं, पोत्यात गुंडाळलेलं. पोतं भिजलेलं होतं.

झालं होतं ते असं. सोपाननं यंत्र सुरू केलं, पण गवत कापलं जाईना, नुसतं झोपायला लागलं. पात्याची धार पुढं, आणि पातं मागं फिरतंय. त्यानं यंत्र उचलून तिरकं केलं, वाकून बघायला लागला. उलट्या फिरण्यानं नट सैल होत होत निघाला आणि पातं सुटलं. सोपानच्या उजव्या पायाची बोटं हिरवळीवर राहिली. अनवाणी होता. चपला व्हरांड्याखाली काढून ठेवलेल्या.

"कोणी केलं हे काम?" एका पहारेकऱ्यानं विचारलं.

वस्तादनं यंत्र उघडलं नाही, कानाशी नेलं नाही, दातात मूठ धरली नाही. बोट उचललं आणि नरसूकडं केलं. "खुणा ह्यानं धुवून घालविल्या. ह्याला इचारा."

नरसूला काही विचारलं नाही कुणी. पायरीवर ओढला. लाथा घातल्या. तो उठायला हात टेकत होता तर एकानं बुटाची टाच त्याच्या हातावर ठेवली आणि फिरवली. बोटाचा आवाज आतपर्यंत आला. नरसू ओरडला नाही. ते लोक गेल्यावर तो उठला, हात दुसऱ्या हातात घेऊन वस्तादच्या समोर येऊन उभा राहिला. बहुतेक त्याला वाटलं, हा काहीतरी बोलेल.

"जा," वस्ताद म्हणाला. "ज्याला डबा धुवायला येत न्हाई त्याला हितं काम न्हाई."

यंत्र तिथंच पडलं होतं. दुसऱ्या दिवशी वस्ताद ते उघडायला बसला, नरसूची चूक पोत्यात टाकायची म्हणून. खंडेनवमी तोंडावर आली होती. त्यानं पाचर घालून चुंबक निखळले आणि आत बघत राहिला. लाल चुंबकासमोर लाल डाग. बरोबर. मग दुसरी बाजू बघितली. तिथं काहीच नाही. स्वच्छ पत्रा.

"हळद कुटं गेली?" तो स्वतःशीच म्हणाला. "कुंकू हाय, हळद न्हाई. हळद कशी जाईल?"

गौरव्वा डबा घेऊन मागं उभी होती. तिनं वाकून आत पाहिलं.

"हळद कुटं जातीय? ही काय की," ती म्हणाली. आवाज होता तिला, चांगला खणखणीत. "सोडा लागला की हळद लाल हुत्या. कुंकू तर नुसती भुकटी, ते धुऊन गेलं. हा लाल डाग हळदीचा हाय. लुगड्यावर हळद सांडली आन साबण लावला की काय हुतंय, बाईमानसाला इचारा. कधी धुणं धुतलं असतं तर कळलं असतं."

जेवणाचा डबा बाकड्यावर ठेवला आणि निघून गेली.

आम्ही चौघं-पाच जण होतो. कुणी पक्कडही हलवली नाही. वस्ताद त्या लाल डागावर बोट फिरवत बसला. मग डबा उघडला आणि जेवला. मीठ होतं की नव्हतं, चव बघितलीच नाही.

संध्याकाळी तो बंगल्यावर गेला. मला बरोबर नेलं, कशाला ते सांगितलं नाही. फाटकातून आत सोडलं नाही. वस्तादनं शिपायाला सांगितलं, "सायबांना म्हणावं, चूक इरण्णाची हाय. त्या पोराची न्हाई." शिपाई आत जाऊन आला. "साहेब म्हणतात मॅटर संपलं. आता विळ्यानं कापतात. बायका लावल्यात." फाटकाच्या गजांतून दिसत होतं. चार बायका उकिडव्या बसून हिरवळ कापत सरकत होत्या, सगळ्या अनवाणी. वस्ताद बराच वेळ उभा होता. शिक्षा द्यायला कुणी मोकळं नव्हतं.

दोन दिवसांनी मला म्हणाला, "नरश्याला जाऊन सांग, ये म्हणावं."

"आणि काय सांगू?"

"ये म्हणावं."

नरसूच्या घरी गेलो. उजव्या हाताचं मधलं बोट फडक्यात बांधलेलं, बाहेरच्या अंगाला वाकडं झालेलं. आई शेजारी चरख्यावर कांड्या भरत होती. तो त्या फिरणाऱ्या सुताकडं बघत होता. सगळं सांगितलं. हळद, सोडा, गौरव्वा, फाटक.

"माफी मागितली?"

"न्हाई."

"बरं झालं," नरसू म्हणाला. "मागितली असती तर आलो नसतो. खंडेनवमीला येतो. त्याची मोटर पाटावर बघायचीय मला."

दुकानात दुसरं बोलणंच नव्हतं. वस्ताद बसणार का पाटासमोर? गफूरभाई म्हणायचा, "नै बैठता मियां, देख लेव. पाट बनानेवाला पाटके सामने नै बैठता." मी म्हणायचो, बसेल. तो माणूस दुष्ट होता, लबाड नव्हता. मला ठाऊक होतं, तो बसेल, आणि 'माझं' म्हणेल, अख्खी पेठ ऐकेल असं. एकदा ते म्हटलं की त्याचं फिटलं. मग पुन्हा सदरा पांढरा.

खंडेनवमीला अर्धी पेठ दारात होती. सोपानलाही वस्तादनं बोलावणं पाठवलं होतं. तो काठीवर आला, पायाला बांधलेलं, पायरीवर बसला. नरसू आला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. हत्यारांची पूजा झाली. मग पोतं उघडलं. त्या वर्षी आमच्यातल्या कुणाचंही काम त्यातून निघालं नाही. गवताच्या यंत्राची ती एकच मोटर निघाली. वस्तादनं ती पाटावर ठेवली, समोर मांडी घातली, करंड्यात अंगठा बुडवला आणि मान वर केली.

"नरश्या. इचार."

नरसू आपल्या वाकड्या बोटाकडं बघत होता. त्यानं ते बोट दुसऱ्या हातानं सरळ धरलं, सोडलं, ते परत वाकडं झालं.

"अरं, इचार की. हे कुणाचं म्हण."

नरसू विचारेना. बाहेर कुणीतरी खाकरलं. वस्तादचा अंगठा लालभडक, हवेत.

"गफूर?"

"तुमारा कायदा मेरेकू क्या मालूम, उस्ताद." गफूरभाई बुटाची नाडी बांधायला वाकला. नाडी बांधलेलीच होती.

वस्तादनं माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत हुकूम नव्हता. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच नव्हता. "दाम्या?"

मी त्याला त्याचेच शब्द दिले. "पाप काय आपल्या सवडीनं कबूल करतंस, वस्ताद? इचारल्यावर बोलायचं."

कुणी हसलं नाही. 'हसा रे' म्हणणाराच पाटासमोर बसला होता.

"आवं, काय चाललंय?" सोपान पायरीवरून म्हणाला. त्या बापड्याला आमची रीत काय ठाऊक. "परसाद द्या की कुणी. मला काठीनं लांब जायचंय."

नरसूनं नारळ फोडला आणि पहिला तुकडा सोपानला दिला. मग सगळ्यांनी घेतलं. माणसं पांगली. गौरव्वा आत आली. वस्तादनं तिच्याकडंही मान वर केली. तिनं त्याच्यापुढचा हळदकुंकवाचा करंडा उचलला, झाकण लावलं आणि पदराखाली घेऊन गेली.

त्या दिवसानंतर मी त्या दुकानात पाऊल ठेवलं नाही. नरसूही नाही. त्याच्या बोटाला बारीक तार पुन्हा पेलली नाही, तो मागावरच परत गेला. मी माझं दुकान टाकलं, आणि चुंबकाच्या कामाला हळदकुंकूच लावतो, अजून. सोडा दुकानात येऊ देत नाही. वस्ताद पुढं दुकान विकून मैंदर्गीला गेला, तिथंच वारला. मी गेलो नाही. लोक म्हणतात, झालं गेलं, आता तरी सोडा. सोडायचं कुणी, ते मला सांगायला येऊ नये.

त्याचं शेवटचं दर्शन त्याच खंडेनवमीला झालं. जेवून झोपलो, उठलो तर आठवलं, टॉवेल दुकानातच राहिला. परत गेलो. ऊन दुकानाच्या आत शिरलं होतं. फळ्या अर्ध्या लावलेल्या, आणि वस्ताद पाटासमोर तसाच बसलेला. अंगठ्यावरचं कुंकू घामानं ओघळलं होतं, आणि कधीतरी विसरून त्यानं तो छातीला पुसला असावा. पांढऱ्या सदऱ्यावर लाल पट्टा उमटला होता.

माझी चाहूल लागली तसा तो ताठ झाला. ओठ आधीच 'माझं'साठी मिटले होते.

मी खुंटीवरचा टॉवेल काढला, झटकला.

"दाम्या," तो म्हणाला. "इचारणार न्हाईस?"

"न्हाई," मी म्हणालो, आणि बाहेर येऊन उरलेल्या फळ्या लावल्या.